बिझनेस क्लासचे तिकीट आणि लाउंजचे दार: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

नाशिकहून बिझनेस क्लासने जायचे म्हणजे आधी मुंबई गाठायची. नाशिकच्या ओझर विमानतळावरून इंडिगोची विमाने सुटतात, पण त्यांत सगळ्या जागा इकॉनॉमीच्या. त्यामुळे दिल्ली किंवा कोलकात्याचे बिझनेसचे तिकीट काढले की आमच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो गाडीचा आणि दुसरा लाउंजचा, म्हणजे विमानतळावर निवांत बसण्या-खाण्याच्या खास दालनाचा. कॅनडा कॉर्नरला मी तिकिटांचे काम करते. अंबड-सातपूरचे कारखानदार येतात, पिंपळगाव-निफाडचे द्राक्षवाले येतात, आणि अलीकडे मुलांनी हौसेने बिझनेसचे तिकीट काढून दिलेले आई-वडीलही येतात. या शेवटच्या मंडळींसाठी हे मुद्दाम लिहिते आहे. सत्तरीतल्या माणसाला दहा जणांसमोर लाउंजच्या दारावरून परत फिरावे लागणे मला अजिबात बघवत नाही. नाशिक सोडण्याआधी नीट चौकशी केली तर ते टळते.

देशांतर्गत प्रवासात लाउंजची सोय मिळते ती त्या एका विमानाच्या बिझनेस बोर्डिंग पासावर, पासावर ज्याचे नाव आहे त्या एकालाच, आणि विमान जिथून सुटते त्याच विमानतळावर. बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो माणसांवरून. कंपनीने साहेबांना बिझनेसचे तिकीट दिले, बाईंचे स्वतःच्या पैशाने इकॉनॉमीचे काढले, पीएनआर एकच. दोघांना वाटते, नवरा-बायको आहोत, एकत्र सोडतील. सोडत नाहीत. नुसत्या बिझनेस तिकिटावर सोबत पाहुणा नेता येत नाही, मग तो घरचा का असेना. दोन वर्षांखालच्या बाळाला बहुतेक लाउंजमध्ये वेगळे पैसे पडत नाहीत, त्यावरच्या मुलाला मात्र स्वतःचा हक्क लागतो. अशा जोडप्याला मी सांगते की इकॉनॉमीवाल्याची सोय बँकेच्या कार्डाने होते का ते आधी बघा. नाही तर दारावर पैसे भरून बरीच लाउंज आत घेतात, तेही गर्दी नसेल तर. आणि आई-वडील निघाले असतील, बजेट एकाच बिझनेस तिकिटाचे असेल, तर दोघांनाही इकॉनॉमीत शेजारी बसवा आणि उरलेल्या पैशात येण्या-जाण्याची चांगली गाडी करून द्या. हे माझे मत आहे आणि मी ते तोंडावर सांगते.

पाहुणा नेता येतो तो वेगळ्या वाटेने. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटात आहे. महाराजा क्लब या एअर इंडियाच्या सदस्य योजनेचे गोल्ड किंवा प्लॅटिनम सदस्य, किंवा सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्थान्सा अशा भागीदार कंपनीचे स्टार गोल्ड दर्जाचे कार्ड असलेले प्रवासी इकॉनॉमीत असले तरी लाउंजमध्ये जाऊ शकतात आणि सोबत एक पाहुणा नेऊ शकतात. पाहुण्याकडेही त्याच विमानतळावरून सुटणाऱ्या स्टार अलायन्सच्या विमानाचा बोर्डिंग पास लागतो. युरोपला सारखी जा-ये करणाऱ्या द्राक्ष निर्यातदारांकडे असे कार्ड अनेकदा पाकिटात पडून असते आणि देशातल्या प्रवासात ते दाखवायचे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. त्या कार्डावरचा तुमचा सदस्य नंबर तिकिटात आधीच घालून घ्या, म्हणजे दर्जा बोर्डिंग पासावरच छापून येतो.

दुसरा प्रश्न विमानाचा. ‘बिझनेस’ हा शब्द दिसला की लाउंज आलेच असे धरू नका. इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठ्या शहरांदरम्यान ‘स्ट्रेच’ नावाचा बिझनेससारखा वर्ग सुरू केला. आसन मोठे, जेवण आहे, पण सुरुवातीला त्यात लाउंज धरलेले नव्हते. म्हणून तिकीट घेताना भाड्यात काय काय आहे ती यादी उघडून बघा आणि लाउंज हा शब्द लिहिलेला सापडला तरच ते आहे असे समजा. एअर इंडियाच्या देशांतर्गत बिझनेस भाड्यात लाउंज असते. पण तिकिटावर एअर इंडियाचा नंबर असून विमान एअर इंडिया एक्सप्रेसचे असेही होते, मग लाउंज गृहीत धरता येत नाही. विमान प्रत्यक्षात कोणती कंपनी चालवते ते सांगणारी ‘ऑपरेटेड बाय’ची बारीक ओळ वाचल्याशिवाय पैसे भरू नका. आमच्याकडे मी ती ओळ हायलायटरने रंगवून देते. विमानतळावर पैसे भरून किंवा बोली लावून वरचा वर्ग घेणार असाल तर ‘यात लाउंज आहे का?’ एवढे काउंटरवर विचारूनच कार्ड पुढे करा.

आता वेळ. नाशिककरांचे खरे दुखणे हेच.

लाउंजमध्ये साधारणपणे विमानाच्या आधीचे तीन तासच बसता येते. आणि आपण निघतो ते कसाऱ्याच्या घाटाची आणि भिवंडीच्या कोंडीची धास्ती घेऊन. संध्याकाळी सातचे विमान, म्हणून सकाळी नऊला पाथर्डी फाटा सोडला आणि रस्ता मोकळा मिळाला तर एकच्या सुमारास तुम्ही मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर. चारपर्यंत लाउंजच्या दारात उभे राहून उपयोग नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे (भिवंडीजवळ) हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून घाटाचा वेळ वाचतो, मात्र आमणेच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी आहेच. माझा हिशेब असा: लाउंजमध्ये दोन तास बसायचे असेल तर विमानाच्या साडेतीन तास आधी टर्मिनलवर पोहोचायचे ठरवा. गाडी अडकली तर लाउंजवर पाणी सोडावे लागेल, पण विमान चुकणार नाही. देशांतर्गत चेक-इन साधारण एक तास आधी बंद होते, बिझनेसवाल्यांसाठीही.

एकटा, हलक्या सामानाचा प्रवासी असेल तर मी त्याला रेल्वेच सुचवते. नाशिकरोडहून सकाळी पंचवटीने दादर, तिथून भुयारी मेट्रो, म्हणजे अ‍ॅक्वा लाइन, थेट टर्मिनल २ च्या स्टेशनापर्यंत. दुपारच्या विमानाला हे छान जमते आणि वेळेचा अंदाजही चुकत नाही. मेट्रोला टर्मिनल १ चे वेगळे स्टेशन आहे, तिथे उतरू नका. एअर इंडिया टर्मिनल २ वरून सुटते, आणि एका टर्मिनलच्या बोर्डिंग पासावर दुसऱ्या टर्मिनलच्या लाउंजमध्ये जाता येत नाही.

टर्मिनलवर पोहोचल्यावर मोबाइलवर बोर्डिंग पास असला तरी बिझनेसच्या चेक-इन काउंटरवर जाच. तिथे मी ज्येष्ठांना तीन वाक्ये पाठ करून पाठवते: ‘आमच्या तिकिटात लाउंज आहे ना? कुठले लाउंज, आणि सुरक्षा तपासणीच्या पुढे कुठे? त्यासाठी वेगळा कागद लागतो का?’ काही ठिकाणी बोर्डिंग पास स्कॅन होतो, काही ठिकाणी काउंटरवरून छापील निमंत्रण घ्यावे लागते. कागद लागत असेल आणि तपासणी ओलांडल्यावर ते कळले तर परत मागे येणे फार त्रासाचे. एका काकांना दारावर ‘यादीत नाव नाही’ म्हणून थांबवले होते. त्यांनी आवाज न चढवता विमान कंपनीच्या गेटवरच्या माणसाला गाठले, त्याने आत फोन केला आणि काम झाले. लाउंज चालवणारे वेगळे असतात आणि तुमचा हक्क विमान कंपनीकडे असतो, म्हणून दाद कंपनीकडेच मागायची.

कार्डांचे थोडक्यात सांगते. बँकेचे क्रेडिट कार्ड किंवा रुपे डेबिट कार्ड असेल तर त्यावर लाउंज मिळू शकते, पण अनेक बँकांनी मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च झालेला असण्याची अट घातली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रीमफोक्सने, म्हणजे बँकांची कार्डे आणि लाउंज यांना जोडणाऱ्या कंपनीने, देशांतर्गत लाउंजची सेवा बंद केली. तेव्हापासून जुन्या माहितीवर विसंबून निघू नका, बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्याच आठवड्यात बघा. दारावर कार्ड स्वाइप होते तेव्हा दोन रुपयांसारखी किरकोळ रक्कम कापली जाते, त्याने घाबरायचे कारण नाही. बिझनेसचा बोर्डिंग पास हातात असेल तर मात्र कार्ड काढूच नका, कार्डावरची फुकटची एक खेप उगाच खर्च होते.

आत गेल्यावर दोन गोष्टी. मुंबई विमानतळावर प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही, आणि लाउंजच्या मऊ खुर्चीत वेळ कसा जातो कळत नाही. विमान सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी गेट बंद होते. टर्मिनल २ चे काही गेट चालत बरेच लांब आहेत, म्हणून सुटण्याच्या तासभर आधीचा गजर फोनवर लावा आणि गजर झाला की उठा. दुसरी गोष्ट उपवासाची. चतुर्थी-एकादशीला लाउंजमध्ये साबुदाणा मिळेल या भरवशावर राहू नका. फळे, दही, दूध बहुधा असते, बाकी घरून डबा न्या. विमानातले जैन किंवा इतर खास जेवण हवे असेल तर किमान चोवीस तास आधी नोंदवावे लागते.

विमान बदलले आणि तुम्हाला बिझनेसमधून इकॉनॉमीत बसवले तर लाउंजही जाऊ शकते. पण फेब्रुवारी २०२३ पासून डीजीसीएचा, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक नियंत्रक संस्थेचा, नियम आहे: देशांतर्गत प्रवासात तुमच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवले तर तिकिटाच्या करांसह किमतीच्या ७५ टक्के रक्कम कंपनीने परत करायची. वर्ग बदलल्याचे लेखी घ्या, जुना आणि नवा दोन्ही बोर्डिंग पास जपून ठेवा, फोटो लगेच मुलांना पाठवा. विमान उशिरा सुटणार असेल तर लाउंजच्या काउंटरवर स्वतःहून जाऊन वेळ वाढवून मागा. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तास किंवा अधिक उशीर झाला तर चहा-नाश्ता देणे कंपनीवर बंधनकारक आहे.

परतीला दिल्लीहून निघताना हेच सगळे पुन्हा, तिथल्या टर्मिनलप्रमाणे. एअर इंडियाची देशातली विमाने तिथे टर्मिनल ३ आणि २ अशा दोन्हीकडून सुटतात, तेव्हा टॅक्सीत बसण्याआधी टर्मिनलचा आकडा वाचा. मुंबईत उतरल्यावर मात्र लाउंज नाही. रात्री अकराला उतरून पहाटे गाडी निघणार असेल तर तेवढे तास काढायला विमानतळाजवळची खोली आधीच घेऊन ठेवा, नाहीतर ड्रायव्हरला त्याच वेळेला बोलवा आणि शहापूरला चहाला थांबत घरी या.