ट्रॅक डेला निघालात? या चुका टाळा

ट्रॅक डे म्हणजे आपली रोजची गाडी रेसट्रॅकवर चालवायचा दिवस. पुण्यातून चेन्नईला किंवा कोइमतूरला त्यासाठी गाडी नेणाऱ्या प्रत्येकाला मी एकच विचारतो: ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत? बहुतेकांना आठवत नाही. ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा रीमॅप कुठे केला, बीएचपी किती वाढली, हे मात्र तोंडपाठ असतं. आहे तेवढी ताकद शिकाऊ माणसाला पहिली दोन वर्षं पुरून उरते. गाडी अडते ती थांबताना.

दोन वर्षांपूर्वी चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर कोथरूडचा एक मुलगा मला शेजारी बसवून फेऱ्या मारत होता. दीड टनाची टर्बो सेडान, नुकताच स्टेज वन, म्हणजे पहिल्या पायरीचा रीमॅप केलेला. चौथ्या फेरीत म्हणाला, “दादा, पेडल जरा मऊ लागतंय.” मी म्हटलं, “मग आत घे, लगेच.” “एवढी एक फेरी मारतो, सेशनची पाचच मिनिटं राहिलीत.” सरळ पट्टा संपताना त्याने ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली टेकलं. मी ओरडलो, “पंप कर, पंप कर! गिअर खाली घे!” तिसऱ्या-चौथ्या दाबाला थोडी पकड आली, तोवर गाडी वळण सोडून मातीत शिरली होती. टायरच्या भिंतीअलीकडे कशीबशी थांबली. दोघांनाही खरचटलं नाही, पण त्याच्या मुठी स्टिअरिंगवरून सुटेनात. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या गाड्या लावायच्या जागेत, येऊन ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, तर आतलं ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं. तीन वर्षांत एकदाही बदललेलं नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे चार महिने पावसाळा असतो. नवं डॉट 4 प्रतीचं ब्रेक ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा मापदंड आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तोच आकडा 155 वर येतो. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे धरतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो आणि ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला धरतच नाहीत. कर्वे रोडवर हे कधीच कळणार नाही. 80 च्या वेगावरून थांबताना जेवढी उष्णता तयार होते, तिच्या चौपट 160 वरून थांबताना होते, आणि ट्रॅकवर हे एका फेरीत अनेकदा घडतं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ झालंय, तर ऑइल गेलंय. थंड झाल्यावर पेडल पुन्हा ठीक लागलं म्हणून बाहेर पडू नका, आधी ब्लीड करा, म्हणजे नळ्यांतली वाफ आणि उकळलेलं ऑइल काढून टाका.

मी निघायच्या आठवड्यात सगळं ऑइल बदलतो. नुसती डबी उपसून वर ताजं ओतणं म्हणजे स्वतःची फसवणूक, कारण उकळतं ते कॅलिपरमधलं, म्हणजे चाकापाशी पॅड दाबणाऱ्या भागातलं. मी मास्टर सिलिंडरपासून (पेडलने चालणाऱ्या मुख्य पंपापासून) सगळ्यात लांबचं चाक आधी घेतो, म्हणजे आपल्याकडे बहुधा मागचं डावं. पारदर्शक नळीतून रंग बदललेला दिसेपर्यंत मेकॅनिकशेजारी उभा राहतो. सील फोडलेली बाटली पुढच्या वर्षी वापरत नाही. डॉट 5.1 चालतं, पण आकडा मोठा दिसतो म्हणून डॉट 5 घेऊ नका, ते वेगळं, सिलिकॉनचं असतं.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. सेशन संपल्याचा झेंडा पडला की पूर्ण वेगात पिटमध्ये यायचं, गाडी लावायची आणि हँडब्रेक ओढायचा. तापून निळसर झालेल्या डिस्कवर पॅड चिकटून राहतात आणि त्या जागी त्यांचा थर बसतो. कोइमतूरहून पुण्यापर्यंत, हजार किलोमीटरच्या वर, ब्रेक लावला की गाडी थरथरत होती. शेवटी डिस्क बदलाव्या लागल्या. शेवटची फेरी ब्रेकला जवळपास पाय न लावता मारा. पिटमध्ये हँडब्रेक नको. मी डिकीत दोन लाकडी ठोकळे ठेवतो, ते चाकांना लावतो. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक इंजिन बंद केल्यावर आपोआप लागतो का, हे घरीच तपासून घ्या. टर्बो असेल तर इंजिन दोन मिनिटं सुरू राहू द्या.

टायरची हवा सकाळी थंड असताना मोजा आणि लिहून ठेवा. गरम झाल्यावर ती पाच-सहा पीएसआय सहज चढते, म्हणून प्रत्येक सेशननंतर पुन्हा मोजा. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, ड्रायव्हरकडचं मॅट हे सगळं बाहेर काढा. इंजिन ऑइलची पातळी दिवसातून दोनदा पाहा. ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकं जागच्या जागी फिरू न देणारी यंत्रणा, पहिल्या दिवशी बंद करू नका, कुणी कितीही डिवचलं तरी. विम्याची पॉलिसी वाचा: शर्यत आणि वेगाची चाचणी यांतलं नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत.

आणि ताम्हिणीत किंवा लवासाच्या रस्त्यावर ‘प्रॅक्टिस’ करणाऱ्यांशी मी बोलणंच बंद केलंय. समोरून एसटी येते, दुचाकीवर घरचे चौघं येतात. त्यांनी तुमच्या लॅप टाइमसाठी जीव का द्यावा? कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे 2.1 किलोमीटरचाच आहे, पण तिथे समोरून कुणी येत नाही, आणि तिथल्या पहिल्या दोन सेशनमध्ये हळू चालवण्यात कसलाच कमीपणा नाही.

परत निघण्याआधी चाकं पूर्ण गार होऊ द्या, मग टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारा पाना) लावून बोल्ट तपासा. किती जोराने आवळायचे, तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. त्या दिवशी त्या मुलाच्या गाडीचे पुढच्या डाव्या चाकाचे दोन बोल्ट हाताने फिरत होते.