हॉस्पिटलात आजारांच्या कोडिंगचा डेटा तपासताय? मग या चुका टाळा

एनएबीएचचं (हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणारी संस्था) असेसमेंट जवळ आलं किंवा टीपीएकडून (विम्याचे क्लेम तपासणारी कंपनी) चार क्लेम क्वेरी लागून परत आले की एमआरडीत, म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात, सगळ्यांना एकदम कोडिंगची क्वालिटी आठवते. मग एक्सेल निघतं, कोणीतरी डिस्चार्ज समरी आणि आयसीडी कोड (डब्ल्यूएचओच्या आजारांच्या यादीतला कोड) शेजारी शेजारी ठेवून टिका मारत बसतं आणि संध्याकाळपर्यंत रिपोर्ट तयार, जवळपास सगळं बरोबर. मुंबई नाक्यापासून नाशिकरोडपर्यंत कुठल्याही हॉस्पिटलात जा, थोड्याफार फरकानं हेच चालतं.

अशा रिपोर्टवर खूश होऊ नका. समरी वाचूनच कोड टाकलाय तर तो समरीशी जुळणारच की. समरी पेशंटशी जुळते का ते बघायचंय, आणि त्यासाठी फाईल उघडावी लागते, कॅज्युअल्टीची नोट, ओटी (ऑपरेशनची) नोट, नर्सिंग चार्ट, नंतर आलेला बायोप्सीचा रिपोर्ट, सगळं. कंटाळवाणं काम आहे, पण चूक तिथंच सापडते.

निफाड-दिंडोरीकडच्या पेशंटचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांत फवारण्या जोरात सुरू होतात, आणि औषध अंगावर, नाकातोंडात जाऊन चक्कर-उलट्या झालेले पेशंट ॲडमिट होतात. आरएमओ (निवासी डॉक्टर) घाईत समरीत लिहितात 'ओपी पॉइझनिंग', म्हणजे ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची विषबाधा, ॲट्रोपिन दिलं, बरा झाला, डिस्चार्ज. कोडर टी ६०.० टाकतो, ते बरोबरच आहे, ऑरगॅनोफॉस्फेटचा कोड तोच. पण हे झालं कशामुळं याचा दुसरा कोड लागतो ना, तिथं सवयीनं एक्स ६८ पडतो, म्हणजे स्वतःहून घेतलं. विषबाधा म्हटलं की डोक्यात तेच येतं, काय करणार. आणि तिकडं कॅज्युअल्टीच्या पहिल्या पानावर वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं असतं, 'बागेत फवारताना चक्कर येऊन पडला, भावाने सांगितले'. म्हणजे एक्स ४८, अपघाती. एका आकड्याच्या फरकात एका माणसावर नको तो शिक्का बसला, आणि जिल्ह्याचा डेटा बिघडला तो वेगळाच.

उलटंही होतं, घरचे सांगतात म्हणून सगळं अपघाती. आणि काहीच कळत नसलं की काही जण वाय १८ टाकून मोकळे होतात, म्हणजे हेतू निश्चित नाही. पण तो कोड डॉक्टरांना किंवा पोलिसांनाही माहितीअभावी ठरवता आलं नाही तर वापरायचा, आपण फाईल वाचली नाही म्हणून नाही. तपासायला सोपं आहे, वर्षभराच्या सगळ्या टी ६० केसेस काढा आणि दुसऱ्या कोडवर फिल्टर लावा. सगळ्या एकाच कोडवर असतील तर काहीतरी गडबड आहे असं समजा आणि फवारणीच्या सीझनच्या फायली आधी उघडा.

ॲक्सिडेंटचं पण तसंच. हायवेवरून पेशंट येतो, मांडीच्या हाडाचं फ्रॅक्चर, एस ७२ पडतो आणि विषय संपला. बाईकवर होता, पायी होता की ट्रॅक्टरवर, याचा व्ही वाला कोड गायबच. एस किंवा टी ने सुरू होणारा कोड आहे आणि व्ही ते वाय मधला एकही कोड सोबत नाही, अशी यादी कॉम्प्युटर दोन मिनिटांत देतो. शॉर्टफॉर्मवर पण भरवसा ठेवू नका, आरटीए म्हणजे ऑर्थोवाल्यांचा रस्ता अपघात आणि नेफ्रोवाल्यांची रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस, म्हणजे किडनीचा आजार. एमएस म्हणजे हृदयाची झडप की मेंदूचा आजार, हे वॉर्ड कुठला आहे बघूनच ठरवावं लागतं.

आता गुगलचा घोळ. नवीन मुलं कोड गुगल करतात, पहिलीच साईट अमेरिकन निघते आणि तिथला सात अक्षरा-आकड्यांचा कोड आपल्या सिस्टीमला जातो. तो आयसीडी-१०-सीएम आहे बाबांनो, अमेरिकेतला. आपलं एचआयएस (हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर) डब्ल्यूएचओच्या आयसीडी-१० वर चालत असेल तर दोन्हींची खिचडी करू नका. डेंग्यूचंच बघा, पावसाळ्यात आपल्याकडं त्याचीच रांग असते. डब्ल्यूएचओच्या २०१६ च्या आवृत्तीपासून डेंग्यूला ए ९७ आहे, वॉर्निंग साइन नसेल तर ए ९७.०, असेल तर ए ९७.१, सिव्हिअर असेल तर ए ९७.२. अमेरिकन आवृत्तीत मात्र अजून जुने ए ९० आणि ए ९१ चालतात. आता एकाच महिन्यात निम्मे पेशंट ए ९० आणि निम्मे ए ९७ वर असतील तर यंदा डेंग्यू वाढला का कमी झाला, कोण सांगणार? आधी आपल्या सिस्टीममध्ये कुठल्या सालची आवृत्ती लोड केलीय ते आयटीवाल्यांना विचारा.

डेंग्यूपुढं प्रश्नचिन्ह असलं की अजून गोंधळ. एनएस-१ (डेंग्यूची रक्ततपासणी) निगेटिव्ह आली, डॉक्टरांनी डेंग्यू नाही असं ठरवलं, तरी ॲडमिशनच्या कागदावरचा '? डेंग्यू' कोडमध्ये तसाच राहतो. हे चूक. पण डिस्चार्जपर्यंत प्रश्नचिन्ह कायम राहिलं आणि विचारूनही आणखी काही माहिती मिळाली नाही, तर मुख्य आजार म्हणून तो आजार आहे असं धरूनच कोड करायचा असा डब्ल्यूएचओचा नियम आहे. ऐकायला विचित्र वाटतं, पण आहे. म्हणून प्रश्नचिन्ह दिसलं की आधी डॉक्टरांना फोन.

आणि फोन करताना उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. 'सर, डायबेटिक नेफ्रोपॅथी टाकू का?' विचारलं की सर ओपीडीच्या गर्दीत 'हो टाक' म्हणून मोकळे होतात. त्यापेक्षा असं विचारा, 'सर, पेशंटला शुगर आहे, क्रिएटिनिन ३.१ आहे, किडनीचा त्रास कशामुळं ते फाईलमध्ये लिहिलेलं नाही, तुमचं काय मत?' आणि उत्तर फाईलमध्ये लिहून सही घ्या, व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही. रिपोर्टमध्ये सोडियम १२८ दिसलं म्हणून आपणच हायपोनॅट्रेमियाचा, म्हणजे सोडियम कमी असल्याचा, कोड लावणं हा त्याचाच भाऊ, निदान डॉक्टरांनी लिहायचं असतं, आपण नाही.

जुना आजार नवा म्हणून पडणं तर रोजचंच. पाच वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलेला पेशंट हर्नियाला येतो आणि 'नोन केस ऑफ एमआय' वाचून आय २१ पडतो. आय २१ हा चार आठवड्यांच्या आतल्या अटॅकसाठी आहे, जुन्याला आय २५.२. समरी कॉपी-पेस्ट होत असेल तर हे वाढतच जातं.

'.९' ने संपणारे, म्हणजे बहुतेकदा 'जास्त तपशील नाही' अशा अर्थाचे, कोड किती टक्के आहेत हे काढतात लोक, पण सरसकट काढून काही कळत नाही. डॉक्टरवाईज काढा. शुगरच्या सगळ्याच पेशंटला ई ११.९ म्हणजे कॉम्प्लिकेशन नाही, आणि त्यातल्याच दोघांचं पायाच्या गँगरीनसाठी बोट काढलंय, हे एका नजरेत दिसतं. सरकारी योजनेचा पॅकेज कोड, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या पॅकेजचा नंबर, मात्र वेगळी गोष्ट आहे. जनआरोग्य योजनेत पॅकेज मंजूर झालं याचा अर्थ आयसीडी कोड बरोबर आहे असा होत नाही, आणि पॅकेजला बसावं म्हणून निदान वाकवणं तर अजिबात नको, ते क्वालिटीच्या पलीकडचं प्रकरण आहे.

मृत्यूच्या फायली सँपलमध्ये येतात का बघा, रँडम काढल्या की त्या बऱ्याचदा सुटतात, आयसीयू आणि डामाच्या (डॉक्टरांचा सल्ला डावलून घरी गेलेल्यांच्या) पण. फॉर्म ४ वर (मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांचा दाखला) कारण म्हणून फक्त 'कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट' असेल तर ते कारण नव्हे, मरताना सगळ्यांचंच हृदय थांबतं. ते कशामुळं थांबलं ही साखळी पहिल्या भागात खालच्या ओळीपर्यंत हवी. बाकी फायली कमी घेतल्या तरी चालेल, पण दुसऱ्या माणसाला पहिला कोड न दाखवता कोड करायला लावा आणि मग जुळवा. आधीचा कोड समोर असला की मान आपोआप डोलते.

एक्सेलचं राहिलंच. इंग्रजी ओ च्या जागी शून्य पडला की ओ ८० ची नॉर्मल डिलिव्हरी नुसती ८० होऊन बसते, आणि आय च्या जागी एक पडला की आय १० चं बीपी ११० होतं. कोडचा कॉलम आधी टेक्स्ट करून घ्या. पुढं आयसीडी-११ आलं की अजून मजा आहे, त्यातला ॲक्युट व्हायरल हेपॅटायटिसचा कोड १ई५० आहे आणि एक्सेलला वाटतं हा एकावर पन्नास शून्यांचा आकडा.

चुका सापडल्यावर त्या ऑडिट शीटमध्ये दुरुस्त करून ठेवतात आणि एचआयएसमध्ये जुनाच कोड राहतो, हे फार ठिकाणी होतं. सिस्टीममध्ये बदला, कोणी, कधी आणि कशावरून बदललं ते लिहा. त्या केसचा क्लेम गेला असेल तर टीपीए डेस्कला त्याच दिवशी सांगा, नाहीतर महिन्याभरानं हॉस्पिटलचा एक कोड आणि क्लेममधला दुसरा अशी क्वेरी येते आणि मग ती फाईल रेकॉर्ड रूममध्ये शोधत बसावी लागते.