जुना पीसी, नवा मॉनिटर: व्हीजीएवरून एचडीएमआयवर जाताना

खरेदीला निघण्याआधी सीपीयूची मागची बाजू आणि नव्या मॉनिटरची पाठ, दोन्ही नीट बघा. मॉनिटरला व्हीजीए म्हणजे चित्राचा जुना पोर्ट असेल तर सिग्नल बदलून देणारा कन्व्हर्टर लागतच नाही, जुनीच केबल लावा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉनिटरना तो अजून असतो. सीपीयूला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच जोडायची, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

सीपीयूच्या मागे तीन ओळींत पंधरा छिद्रांचा, बहुधा निळा पोर्ट म्हणजे व्हीजीए. त्याहून रुंद, एका बाजूला चपटी खाच असलेला म्हणजे डीव्हीआय. दोन्ही असतील तर व्हीजीएचा नाद सोडा. डीव्हीआयचा डिजिटल सिग्नल एचडीएमआयला थेट चालतो, म्हणून साधी डीव्हीआय ते एचडीएमआय केबल पुरते. सिंगल लिंकवर (डीव्हीआयच्या साध्या प्रकारावर) १९२०×१२०० पर्यंतचं चित्र सेकंदाला ६० वेळा, म्हणजे ६० हर्ट्‌झला मिळतं. आवाजाची वायर मात्र बहुधा वेगळी टाकावी लागते.

फक्त व्हीजीए असेल तर काम वाढतं. आयबीएमने १९८७ साली आणलेला हा पोर्ट ॲनालॉग आहे: लाल, हिरवा, निळा असे तीन रंग तीन तारांवरून शून्य ते ०.७ व्होल्टच्या चढउतारात जातात. एचडीएमआयला त्याचे आकडे करून द्यावे लागतात, आणि ते काम चिपचं. म्हणून आत चिप नसलेली, नुसती दोन टोकांची केबल कितीही चांगली दिसली तरी पडदा काळाच राहणार.

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते उलट्या दिशेचा कन्व्हर्टर घेतल्यामुळे. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ दिसायला जवळजवळ सारखे, पण प्रत्येक कन्व्हर्टर आपापल्या एकाच दिशेने चालतो, उलटा नाही. आपल्याला दुसरा हवा. त्याच्या व्हीजीए तोंडाला बहुतेक वेळा पिना असतात, एचडीएमआयचं तोंड पोकळ असतं, शिवाय पॉवरसाठी यूएसबीची वायर आणि आवाजासाठी ३.५ मिमीचा जॅक असतो. व्हीजीए तोंडाला छिद्रं दिसली तर दुकानातच परत करा.

जुना मॉनिटर काढायच्या आधी एक काम उरका. काचेच्या जाड मॉनिटरवर लोक ७५ किंवा ८५ हर्ट्‌झ ठेवत. नव्या पडद्यावर त्याचं ‘आउट ऑफ रेंज’ होतं. विंडोज एक्सपीत डेस्कटॉपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड, मॉनिटर असं जा आणि ६० हर्ट्‌झ निवडा. रिझोल्यूशन तूर्त १०२४×७६८ ठेवा. जुना मॉनिटर बंदच पडला असेल तर पीसी सुरू होताना एफ८ दाबत राहा. एक्सपीत ‘एनेबल व्हीजीए मोड’, विंडोज ७ मध्ये ‘एनेबल लो-रिझोल्यूशन व्हिडिओ’ निवडलं की ६४०×४८० चं चित्र येतं, मग सेटिंग बदलता येतं.

आता सगळं बंद करून जोडा. व्हीजीएचे स्क्रू बोटांनी जेमतेम आवळा. यूएसबी मागच्या पोर्टात, आवाजाची वायर हिरव्या जॅकमध्ये, मग एचडीएमआय. आधी पडदा चालू करून योग्य इनपुट निवडा, नंतर पीसी. लॅपटॉप असेल तर एफएन धरून मॉनिटरचं चित्र असलेली की दाबावी लागेल. चित्र मधूनच जात असेल तर कन्व्हर्टरची यूएसबी मोबाइलच्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावून बघा.

विंडोज दिसतं पण बायोस (पीसी सुरू होताना विंडोजच्या आधी येणारा सेटिंगचा प्रोग्राम) दिसत नाही, ही तक्रार नेहमीची. टेक्स्ट मोडमधला बायोस ७२०×४०० आणि ७० हर्ट्‌झ पाठवतो, आणि अनेक कन्व्हर्टर व टीव्ही हे नाकारतात. यावर सेटिंगचा उपाय नाही. डॉसचे प्रोग्राम चालवायचे असतील किंवा बायोसमध्ये वारंवार जावं लागत असेल, तर व्हीजीए असलेला जुना एलसीडी भंगारात देऊ नका.

१३६६×७६८ च्या पडद्यावर अक्षरं थोडी फुगीर दिसतात, कारण १३६६ ला ८ ने भाग जात नाही आणि जुने ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारे प्रोग्राम) १३६० वरच थांबतात. सवय होते. टीव्हीवर कडा कापल्या जात असतील तर दोष कन्व्हर्टरचा नाही. टीव्हीच्या पिक्चर मेनूत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ शोधा.

रंग बिघडले तर पिना तपासा. चित्र गुलाबी-जांभळं असेल तर हिरव्याची २ क्रमांकाची, निळसर-हिरवं असेल तर लालची १ क्रमांकाची, पिवळं असेल तर निळ्याची ३ क्रमांकाची पिन वाकलेली किंवा सैल असते. ९ क्रमांकाची पिन मात्र कित्येक केबलना मुळातच नसते, ती तुटली असं समजू नका.

पोर्टला पंधराऐवजी नऊच छिद्रं असतील, तर तो बहुधा व्हीजीएच्या आधीच्या, सीजीए किंवा ईजीए पोर्टच्या काळातला पीसी. त्याचा सिग्नल ५ व्होल्टचा असतो. नऊ ते पंधरा पिनांचा साधा जोड लावून तो वरच्या कन्व्हर्टरमध्ये घुसवू नका, त्यासाठी सीजीए-ईजीए स्वीकारणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो.