पहिल्या महायुद्धाची कारणे गावच्या शाळेत कशी शिकवावीत

पहिले महायुद्ध का झाले असे विचारले की वर्गातील बहुतेक मुले एका दमात उत्तर देतात: ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला म्हणून. त्यापुढे साम्राज्यवाद, लष्करवाद, राष्ट्रवाद आणि गुप्त करार हे शब्द पाठ म्हटले जातात आणि धडा संपतो. यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात सातवी-आठवीच्या मुलांना हा विषय मीही बरीच वर्षे असाच शिकवला. मुलांना गुण मिळत, पण निमित्त कोणते आणि कारण कोणते हे त्यांना सांगता येत नसे. म्हणून शिकवण्याची रीत बदलली. ती येथे मांडत आहे.

पहिल्या दिवशी युरोपचा नकाशा काढूच नये. फळ्यावर दोन शेते आणि त्यांच्यामधला धुरा, म्हणजे बांध, काढावा. धुऱ्याचा वाद कसा असतो हे आपल्याकडच्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. दरवर्षी नांगरताना वीतभर माती इकडची तिकडे होते, मोजणी आणली तरी खुणेचा दगड हलतो, दोन घरांतले बोलणे बंद होते, आणि एके दिवशी एकाचा बैल दुसऱ्याच्या पऱ्हाटीत (कपाशीत) शिरला की काठ्या निघतात. मग विचारावे, भांडण बैलामुळे झाले का? काही मुले म्हणतात, वाद जुनाच होता. काही म्हणतात, बैल शिरला नसता तर त्या दिवशी तरी डोकी फुटली नसती. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत आणि कोणतेही पुसू नये, कारण इतिहासकारही या दोन बाजूंनी आजवर वाद घालत आले आहेत.

त्यानंतर नकाशा घ्यावा. जर्मनीने १८७१ मध्ये फ्रान्सकडून घेतलेला अल्सास-लॉरेन हा त्या दोघांमधला धुरा. १९०८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने बोस्निया आपल्या राज्याला जोडला आणि १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांत सर्बियाचा मुलूख वाढला, तेव्हा दुसरा धुरा तापला. तेथे सर्बियाच्या पाठीशी रशिया उभा होता. जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा करार १८८२ चा, फ्रान्स-रशिया युती १८९४ ची, आणि ब्रिटनने फ्रान्सशी १९०४ मध्ये व रशियाशी १९०७ मध्ये जुळवून घेतले. ही सनावळी एका तासात आटोपावी. मात्र करार होते म्हणून सगळे आपोआप युद्धात ओढले गेले, असे मुलांच्या मनात ठसू देऊ नये. इटली करारात असूनही १९१४ मध्ये तटस्थ राहिली आणि १९१५ मध्ये तर विरुद्ध बाजूने लढली. करार होता, तरी तो पाळायचा की नाही हे माणसांनीच ठरवले.

खरा वेळ द्यायचा तो २८ जून ते ४ ऑगस्ट १९१४ या अडतीस दिवसांना. वर्गाच्या खिडकीपासून दारापर्यंत सुतळी बांधावी, दर दिवसाची एक गाठ मारावी आणि पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या मुलांकडूनच लटकवून घ्याव्यात. पहिली चिठ्ठी बोस्नियातील सारायेव्हो शहराची: गाव्रिलो प्रिन्सिप या एकोणीस वर्षांच्या सर्ब तरुणाने युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी सोफी यांना गोळ्या घातल्या. हा युवराज स्वतः सर्बियाशी युद्ध करण्याच्या विरोधात होता, हे आवर्जून सांगावे. दुसरी चिठ्ठी ५ जुलैची. त्या दिवशी जर्मन सम्राट विल्हेल्म यांनी ऑस्ट्रियाला पाठिंब्याचा जणू कोरा धनादेश दिला. त्यानंतर २३ जुलैपर्यंतच्या गाठी जवळजवळ रिकाम्या राहतात, आणि मुले हमखास विचारतात, इतके दिवस हे थांबले कशाला? ऑस्ट्रियाचे पुष्कळ सैनिक तेव्हा पिकाच्या कापणीसाठी रजेवर घरी गेले होते, हंगेरीचे पंतप्रधान टिसा सुरुवातीला राजी नव्हते, आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष रशियाच्या भेटीवरून परत निघेपर्यंत सर्बियाला निर्वाणीचे पत्र द्यायचे नाही असे ठरले होते. आपल्याकडे डवरणी-निंदणाचे ते दिवस. शेतीच्या कामासाठी फौज घरी जाते ही गोष्ट आमच्या मुलांना जितकी पटकन कळते तितकी ती शहरातल्या मुलांना कळत असेल असे मला वाटत नाही.

२३ जुलैला ऑस्ट्रियाने सर्बियाला अटींचे ते पत्र देऊन अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, पण आपल्या भूमीवरील तपासात ऑस्ट्रियाचे अधिकारी घेण्यास नकार दिला. २८ जुलैला युद्ध पुकारले गेले. रशियाच्या झारने सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम २९ तारखेला मागे घेतला आणि ३० तारखेला पुन्हा दिला. या दोन गाठींपाशी थांबून, या माणसाला त्या दिवशी आणखी काय करता आले असते, हे प्रत्येक मुलाला एका वाक्यात लिहायला सांगावे.

१ ऑगस्टची, म्हणजे जर्मनीने रशियाशी युद्ध पुकारल्याची गाठ समजावताना शकुंतला रेल्वेची आठवण काढावी. कापूस वाहण्यासाठी घातलेला तो एकेरी, अरुंद रूळ घरच्या आजोबांनी पाहिलेला असतो. एकेरी रुळावर एक गाडी वाटेत वळवायची म्हटली तर मागच्या-पुढच्या सगळ्या गाड्या अडतात. जर्मनीची चढाई अशाच हजारो गाड्यांच्या वेळापत्रकावर बेतलेली होती. ब्रिटन तटस्थ राहील अशा समजुतीने सम्राटाने सारी फौज पूर्वेकडे वळवायला सांगितले, तेव्हा सेनापती मोल्टके यांनी ते शक्य नसल्याचे कळवले. ३ ऑगस्टला फ्रान्सशी युद्ध जाहीर झाले, ४ ऑगस्टला जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात उतरले.

धुऱ्याचे उदाहरण कोठे तुटते, हेही दाखवावे. गावात तंटामुक्ती समिती असते, पोलीस पाटील असतो, तहसील असते. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रे यांनी २६ जुलैला चार देशांनी एकत्र बसून तोडगा काढण्याचे सुचवले होते, परंतु जर्मनीने ते मानले नाही आणि मानायला भाग पाडील असे कोणीच वर नव्हते.

दोष कोणाचा, हा प्रश्न शेवटी घ्यावा. युद्ध संपल्यावर झालेल्या व्हर्सायच्या तहाच्या २३१ व्या कलमाने तो जर्मनी आणि तिच्या मित्रांवर ठेवला, फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने १९६१ मध्ये आपल्याच देशाच्या महत्त्वाकांक्षेवर बोट ठेवले, आणि पुढे अनेकांनी तो सर्व राजधान्यांत वाटून दिला. माझ्या मते ऑस्ट्रिया आणि जर्मनी यांचा वाटा मोठा आहे, पण ते मुलांकडून वदवून घेऊ नये. ज्याने ज्याला दोष दिला त्याने सुतळीवरील गाठ दाखवावी, एवढीच अट ठेवावी.

शेवटची चिठ्ठी आपली. ब्रिटनच्या राजाने युद्ध जाहीर करताच हिंदुस्थानही युद्धात ओढला गेला आणि त्यात मध्य प्रांत व वऱ्हाडही आला. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले आणि सुमारे ७४,००० परतले नाहीत. ही चिठ्ठी ४ ऑगस्टच्या गाठीलाच बांधावी. आपल्या माणसांना कोणी विचारले होते का, असे एखादे मूल आपण होऊन विचारतेच. तेव्हा सुतळी सोडू नये, पुढच्या तासासाठी तशीच ठेवावी.