घंटा वाजली तरी न बिघडणारी टोपी

शिक्षकाला सलग दोन तास क्वचितच मिळतात. हाती येतात ते तुकडे: ऑफ तासातली वीस मिनिटं, प्रवासातली पंधरा, रात्री वह्यांचा गठ्ठा बाजूला सरकवल्यावरची दहा. म्हणून थंडीसाठी हाताने काही करायचं ठरवताना पहिला प्रश्न हाच, की काम अर्ध्यावर सोडून वर्गावर जाता येईल का? चार रंगांच्या नक्षीचा स्वेटर यात बसत नाही. तो उन्हाळा आला तरी सुयांवरच असतो. लहान मुलाची साधी लोकरी टोपी मात्र बसते. शिवाय तिचा गोंडा आणि कानाजवळ लोंबणारी पट्टी मुलांच्या हातून होते, मग ती सुट्टी घरातली असो की वर्गातला कार्यानुभवाचा तास असो.

आधी वेळेचा हिशोब. पाच ते दहा वर्षांच्या मुलाच्या टोपीला ८६ टाके आणि सुमारे ५२ सुया लागतात (विणकामात एका ओळीला 'एक सुई' म्हणतात). नवखा हात मिनिटाला वीसेक टाके विणतो, म्हणजे एका सुईला चार-साडेचार मिनिटं. रोज चार सुया धरल्या तर तेरा दिवस. नमुना (माप पाहायला आधी विणायचा लहान तुकडा), शिवण आणि गोंडा धरून तीन आठवडे हाताशी ठेवा, आणि पेपर तपासणीचे दिवस त्यात मोजू नका. दिवसभर पेन धरून अंगठ्याचा सांधा दुखत असेल तर त्या दिवशी सुया उचलू नयेत, कारण लिहिताना आणि विणताना ताण त्याच सांध्यावर येतो.

सामान आणि नमुना

लोकर मध्यम जाडीची घ्या. वेष्टनावर ५ मिमी सुई आणि १० सेंमीत १८ टाके असं लिहिलेलं असतं. १०० ग्रॅमचा एक गुंडा पुरतो. टोपीला ७० ग्रॅमच्या आसपास लागते, उरलेल्यात गोंडा होतो. सुयांच्या दोन जोड्या, ४ मिमी आणि ५ मिमी. शिवायला बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, एक क्रोशाची सुई, मोजपट्टी, दोन रबरबँड आणि झाकण लागणारी कापडी पिशवी. खडूची पूड लोकरीत शिरली की झटकून निघत नाही, म्हणून पिशवी हवीच. रंग मधला निवडा. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीचे टाके संध्याकाळच्या दिव्यात दिसत नाहीत, आणि चूक तिथेच होते.

नमुना विणायचा कंटाळा येतो, पण सगळी टोपी त्यावर उभी आहे. ५ मिमीच्या सुईवर २४ टाके घालून ३० सुया विणा: एक सुई सुलट, एक उलट (सुलट टाका समोरून व्हीसारखा दिसतो, उलट टाका आडव्या गाठीसारखा). सपाट ठेवून, न ताणता, मधल्या भागातले १० सेंमीतले टाके मोजा. १८ आले तर आपली टोपी साधारण ४७ सेंमी घेराची होईल आणि ५० ते ५३ सेंमीच्या डोक्यावर नीट ताणून बसेल. टोपी डोक्यापेक्षा चार-पाच सेंमी लहानच हवी, नाहीतर ती डोळ्यांवर उतरते. १० सेंमीत २० टाके येत असतील तर तुमचा हात घट्ट आहे आणि तीच टोपी ४२ सेंमीची होईल. अर्धा मिमी जाड सुई घ्या. १६ येत असतील तर ती ५२ वर जाईल; बारीक सुई घ्या. टाक्यांची संख्या बदलू नका, सुई बदला.

विणकाम

४ मिमीच्या दोन्ही सुया एकत्र धरून त्यावर ८६ टाके घाला. अंगठ्यावर लोकर घेऊन टाके घालत असाल तर सुरुवातीला सव्वादोन मीटर मोकळं टोक सोडा. शेवटी उरणारं ४०-४५ सेंमी शिवणीला कामी येईल. टाके घालून झाले की एक सुई हळूच ओढून काढा. एकाच सुईवर घातलेली कड बहुतेकांची आवळली जाते आणि कपाळावर वळ उठवते. मोजताना दर २० टाक्यांनी वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा फास अडकवा. मध्येच कोणी हाक मारली तर पुन्हा एकपासून मोजावं लागत नाही.

बॉर्डर, म्हणजे टोपीची खालची कड, एक टाका सुलट, एक टाका उलट अशी. टाके सम आहेत, म्हणून प्रत्येक सुई सुलटने सुरू होते आणि उलटने संपते. शेवटचा टाका सुलट आला तर त्या सुईत कुठेतरी चूक झालीच, तिथेच थांबून शोधा. अशा १४ सुयांत पाच सेंमी होतात.

आता ५ मिमीच्या सुया घ्या आणि एक सुई सुलट, एक उलट असं १८ सुया, म्हणजे कडेपासून साडेबारा सेंमीपर्यंत. या भागात डोकं लागत नाही, हात चालतात. बैठकीत बसून ऐकतानाही हा भाग होतो.

पुढे माथा. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीसाठी आहे, त्याला हात लावायचा नाही. उरलेले ८४ टाके म्हणजे बारा-बाराचे सात गट. पहिली सुई: कडेचा १ टाका, मग (१० सुलट, २ टाके एकत्र सुलट) हे सात वेळा, शेवटी कडेचा १. आता ७९ राहिले. परतीची सुई पूर्ण उलट. पुढच्या सुलट सुईला ९ सुलट आणि २ एकत्र, त्यापुढच्या वेळी ८ आणि २ एकत्र, असं उतरत जा. प्रत्येक सुलट सुईला बरोबर सात टाके कमी व्हायला हवेत: ७९, ७२, ६५, ५८, ५१, ४४, ३७, ३०, २३, १६. हे आकडे कागदावर आधीच लिहून ठेवा आणि एकेक खोडत जा. हजेरीपटासारखं आहे, रोजच्या रोज भरलं तरच जुळतं. १६ टाके उरले आणि शेवटची उलट सुई झाली की लोकर ५० सेंमी सोडून कापा, शिवायच्या सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून दोनदा फिरवा आणि आवळा. एकदाच फिरवलं तर मधोमध भोक राहतं.

मोठ्या माणसासाठी १०० टाके घाला: सात गट चौदाचे, माथ्याची सुरुवात १२ सुलट आणि २ एकत्रने. बॉर्डर सहा सेंमी, माथा कडेपासून १३ सेंमीवर सुरू. ही टोपी ५७-५८ सेंमीच्या डोक्याला येते, पण गोंड्याला लोकर उरत नाही. दुसरा गुंडा आणावा लागतो.

मध्येच घंटा वाजली तर

सुई पूर्ण करून थांबणं उत्तम. पण घंटा टाके मोजून वाजत नाही. सुईच्या मध्यावर थांबावं लागलं तर टाके दोन्ही सुयांच्या टोकांपासून मागे सरकवा, टोकांना रबरबँड गुंडाळा आणि पिशवीत आडवं ठेवा.

परत आल्यावर नव्वद टक्के गोंधळ एकाच गोष्टीचा असतो: आपण कुठल्या दिशेने जात होतो? गुंड्याकडून येणारी लोकर ज्या सुईला लटकते ती सुई उजव्या हातात. इतकंच. उलटं धरून पुढे गेलात तर कापडात मध्येच एक आखूड ओळ शिरते, एक बाजू दुसरीपेक्षा उंच होते आणि वळणाशी लहान भोक दिसतं. मग उसवण्याखेरीज उपाय नाही. बॉर्डरमध्ये थांबला असाल तर पुढचा टाका कोणता तेही टाकाच सांगतो. डाव्या सुईवरच्या टाक्याखाली मऊ व्हीसारखी खूण असेल तर तो सुलट विणा, गळ्याभोवती आडवी गाठ आवळल्यासारखी दिसत असेल तर उलट.

टाके वाढत जाण्याचं कारण बहुतेक वेळा सुईच्या सुरुवातीला सापडतं. लोकर सुईवरून मागे ओढली गेली की पहिला टाका खालून ताणला जाऊन दोन टाक्यांसारखा दिसतो, आणि दोन्ही विणले जातात. लोकर खालच्या बाजूला सोडूनच पहिला टाका घ्या. सुलट-उलट बदलताना लोकर सुयांच्या मधून न नेता वरून नेली तरीही एक जादा टाका आणि भोक तयार होतं. टाका गळला आणि खाली शिडीसारखे दोरे दिसले तर घाबरून ओढाताण करू नका. सुलट बाजू समोर धरा, क्रोशाची सुई समोरून त्या मोकळ्या टाक्यात घाला, शिडीचा सर्वांत खालचा दोरा त्यातून ओढा, मग त्याच्या वरचा, असं वर येऊन टाका डाव्या सुईवर ठेवा.

शिवण सुलट बाजूने घाला. कडेचा टाका आणि त्याशेजारचा टाका यांच्या मध्ये आडवे दोरे दिसतात; एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा उचलत जा आणि दर चार-पाच टाक्यांनी हलकेच ओढा. उलटीकडून घातलेली साधी शिवण जाड होते आणि कानामागे टोचते.

मुलांच्या वाट्याचं काम

गोंडा सहा वर्षांपासूनची मुलं करतात. जाड पुठ्ठ्याच्या दोन चकत्या कापा: बाहेरचा व्यास ६ सेंमी, मधलं भोक अडीच सेंमी. दोन्हीला एकाच जागी १ सेंमीची फट ठेवा, म्हणजे लोकर भोकातून ओवावी लागत नाही, फटीतून आत सरकवता येते. ही फट नसेल तर लहान मुलं दहाव्या वेढ्याला कंटाळतात. चकत्या एकमेकींवर ठेवून भोक जवळपास भरेपर्यंत सगळीकडे सारखे वेढे द्यायचे, एकूण दीडशे ते दोनशे. बाहेरच्या कडेने दोन चकत्यांमधून कात्री फिरवायची, त्याच दोन चकत्यांच्या मधून सुती दोरा दोनदा फिरवून करकचून गाठ मारायची, मगच चकत्या काढायच्या. बांधायला लोकर वापरू नका. ओढताना ती तुटते किंवा ताणून सैल पडते, आणि गोंड्याचे केस एकेक करून गळतात. गोंडा टकला दिसला तर वेढे कमी पडले असं समजा.

वर्गात करायचं असेल तर दर मुलामागे १० मीटर लोकर आधी मोजून ठेवा. ५० सेंमी लांबीच्या पुठ्ठ्यावर लांबीच्या बाजूने दहा वेढे दिले की १० मीटर होतात. चाळीस मुलांना २०० ग्रॅम लागते, वाया जाणारी धरून २५० आणा. पहिल्या तासाला फक्त वेढे, चकतीवर नाव. दुसऱ्या तासाला कापणं आणि बांधणं, जोडीने: एकाने चकत्या घट्ट धरायच्या, दुसऱ्याने गाठ मारायची. चाळीस गाठी एकट्याने मारायला गेलात तर प्रत्येकी दोन मिनिटं धरून ऐंशी मिनिटं जातील. डावखुऱ्या मुलांसाठी डाव्या हाताच्या एक-दोन कात्र्या मुद्दाम ठेवा. उजव्या हाताच्या कात्रीने त्यांची लोकर कापली न जाता पात्यांत दुमडते, आणि मूल समजतं की आपल्यालाच जमत नाही.

सात-आठ वर्षांच्या मुलांना बोटांवरचं विणकाम द्या, सुट्टीतल्या प्रवासात फार उपयोगी पडतं. तळवा आपल्याकडे. लोकरीचं टोक अंगठ्यात धरून लोकर तर्जनीच्या पुढून, मधल्या बोटाच्या मागून, अनामिकेच्या पुढून, करंगळीच्या मागून न्यायची आणि करंगळीला वळसा घालून उलट क्रमाने परत आणायची. हाच फेरा पुन्हा एकदा. आता प्रत्येक बोटावर दोन वेढे आहेत. खालचा वेढा उचलून वरच्यावरून बोटाच्या पलीकडे टाकायचा, चारही बोटांवर. पुन्हा एक फेरा, पुन्हा खालचे वेढे पलीकडे. पट्टी हाताच्या मागच्या बाजूला तयार होत जाते, म्हणून पहिल्या चार-पाच फेऱ्यांत मुलांना काहीच दिसत नाही आणि ती सोडून देतात. तेव्हा शेजारी बसा आणि मागचं टोक खाली ओढून दाखवा. बोटं लालसर-निळी झाली तर वेढे घट्ट आहेत. जेवायची हाक आली तर चारही वेढे एका पेन्सिलीवर चढवून ठेवायचे, परतल्यावर पुन्हा बोटांवर. शेवट करताना लोकर कापून ते टोक चारही वेढ्यांतून ओवायचं आणि ओढायचं. मीटरभराची पट्टी मोठ्या बाहुलीला मफलर होते. लहान मुलांच्या गळ्यात मात्र ती बांधू नका, आणि टोपीलाही हनुवटीखाली बांधायची लांब दोरी लावू नका. खेळताना कुठेही अडकू शकते. कानाजवळ लोंबतील अशा दहा-दहा सेंमीच्या दोन पट्ट्या पुरेत. अगदी तान्ह्या बाळाच्या टोपीला गोंडाही नको, सुटलेले धागे तोंडात जातात.

पहिली धुलाई स्वतः करा. खऱ्या लोकरीची टोपी थंड पाण्यात सौम्य साबणाने बुडवून ठेवा, चोळू नका. उष्णता आणि घर्षणाने लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि टोपी आकसून नमद्यासारखी कडक होते. पिळू नका. टॉवेलात गुंडाळून दाबा आणि वाटोळ्या भांड्यावर घालून सावलीत वाळवा. ॲक्रिलिकची टोपी धुलाईला सोसते, पण तिला इस्त्री लावू नका. एकदा तापली की तिचा लवचीकपणा जातो, बॉर्डर सैल पडते आणि पुन्हा आवळत नाही.