पेंग्विनच्या विष्ठेवरून तळ्याचा इतिहास काढताय? या चुका टाळा

अंटार्क्टिकातल्या आर्डली बेटावर जेंटू पेंग्विनची मोठी वस्ती आहे. बर्फ वितळलं की त्यांची विष्ठा वाहत तळ्यात जाते आणि गाळात थरावर थर साचते. तिथल्याच गाळावरून 2000 साली पेंग्विनच्या संख्येचा 3,000 वर्षांचा चढउतार मांडला गेला. इतकं भारी काम आहे हे, पण चुका मात्र त्याच त्याच होतात.

पहिली म्हणजे गाळात नुसता फॉस्फरस (तो विष्ठेतही असतो) वाढला की पक्षी वाढले असं धरून चालणं. अहो, फॉस्फरस खडकातूनही येतो, आणि तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातून सुटून पाण्यात जातो. फ्लोरिन (हा क्रिलच्या, म्हणजे पेंग्विन खातात त्या कोळंबीसारख्या छोट्या प्राण्यांच्या कवचातून येतो), कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, झिंक, कॉपर, सेलेनियम हे विष्ठेतून येणारे सगळे घटक सोबत वरखाली होतायत का ते बघा. आणि पक्षी नसलेल्या जवळच्या तळ्याचा गाळ तुलनेला घ्याच, आर्डलीसाठी फिल्ड्स द्वीपकल्पावरचं यानोऊ तळं घेतलं होतं तसा.

कोअर (तळातून नळीने काढलेला गाळाचा लांब दंडगोल) उभा कापल्यावर मधेच एखादी बारीक काळपट रेघ दिसते, ती चिखल समजून सँपलमध्ये मिसळू नका. ती ज्वालामुखीची राख असू शकते, डिसेप्शन बेट हा ज्वालामुखी आर्डलीहून साधारण 120 किमीवरच आहे. राखेत स्वतःचे धातू असतात, ते पक्ष्यांच्या खात्यात जमा होतात आणि आकडे बिघडतात. शिवाय ती रेघच खरी गोष्ट सांगते, कारण मोठ्या उद्रेकांनंतर आर्डलीची पेंग्विन वस्ती किमान तीनदा कोसळली आणि परत नीट बसायला शेकडो वर्षं लागली.

थर किती जुना ते काढताना सगळ्यात जास्त फसगत होते. पेंग्विन समुद्रातलं खातात, तिथला कार्बन आधीच जुना असतो, त्यामुळे विष्ठेने भरलेल्या गाळाचं रेडिओकार्बन वय (कार्बनच्या किरणोत्सारी प्रकारावरून काढलेलं वय) खऱ्यापेक्षा शेकडो, कधी हजारभर वर्षांनी जास्त येतं. शक्य तिथे तळ्यातल्या शेवाळाचे तुकडे वेचून त्यांचं वय काढा, वरच्या ताज्या थरांना लेड-210 (शिशाचा किरणोत्सारी प्रकार, यावरून अलीकडचं वय कळतं) लावा.

सगळे पक्षी सारखे धरू नका. कॅनडाच्या आर्क्टिकमधल्या टर्न बेटावर मासे खाणाऱ्या टर्न या समुद्रपक्ष्यांजवळच्या डबक्यांच्या गाळात पारा आणि कॅडमियम जास्त, तर शिंपले खाणाऱ्या आयडर बदकांजवळ शिसं आणि मँगनीज जास्त.

आणि विष्ठेचा अंश कमी दिसला म्हणून वस्ती उठली असं लगेच लिहू नका. कधी वितळलेल्या पाण्याचा ओढाच दुसरीकडे वळलेला असतो, पक्षी तिथेच असतात. आधी उतार आणि ओढ्याच्या जुन्या खुणा बघून या.