साफू उतरवताना चांगल्या झाडावर खूण करा

कॅमेरूनच्या दक्षिण भागात आणि दक्षिण नायजेरियात जून ते सप्टेंबर हा साफूचा, म्हणजे तिथल्या झाडावर येणाऱ्या जांभळ्या, लोण्यासारख्या गराच्या फळाचा, भर हंगाम. कॅमेरूनमध्ये याला 'प्रून' म्हणतात, इग्बो लोक 'उबे' म्हणतात. कोकोच्या बागेत सावलीसाठी राखलेली ही झाडे आता लगडली असतील.

फळ गुलाबीचे गर्द निळे-जांभळे झाले की उतरवा. गुलाबीच राहिलेले फळ बहुधा आत बी नीट न धरलेले असते, ते वेगळे काढा. फांद्या झोडपू नका. माणूस वर चढवा, कमरेला झोळी बांधा आणि देठासकट तोडा. साफू फार नाजूक. तीन-चार दिवसांत मऊ पडते, खरचटलेले त्याआधीच. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, पसरट टोपलीत दोन-तीन थरच ठेवा. कॅमेरूनमधल्या माकेनेने गावच्या बाजारात पोहोचवायचे असेल तर सकाळी तोडून त्याच दिवशी माल हलवा.

खरे सांगायचे ते पुढेच आहे. बहुतेक जण गोड लागलेल्या फळाची बी पेरतात. बी उगवतेही झटकन, मात्र ताजी हवी, आठवड्यात तिचा जोम जातो. पण या झाडात नर-मादी वेगळे असतात. पाच-सहा वर्षे सांभाळलेले झाड फुलते आणि नर निघते, तेव्हा फार वाईट वाटते. मादी निघाले तरी फळ आईसारखेच येईल याची खात्री नाही.

म्हणून आताच, फळ झाडावर असताना, पारखा. निखाऱ्याच्या कडेला गरम राखेत दोन-चार फळे ठेवा. काही मिनिटांत साल सुटते आणि आतला हिरवट गर लोण्यासारखा होतो. भाजलेल्या कणसासोबत खाऊन बघा. गर जाड, आंबटपणा बेताचा, तंतू कमी असेल, त्या झाडाला रंगाचा पट्टा मारा.

फळे उतरली की, पाऊस असेपर्यंत, त्याच झाडावर गुटी बांधा, म्हणजे फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फोडा; असे रोप आईसारखेच निघते. उभी वाढणारी, मनगटाहून बारीक फांदी निवडा. बोटभर रुंद साल गोल काढा, कुजलेला लाकडाचा भुसा ओला करून भरा आणि प्लास्टिकने घट्ट आवळा. हे झाड आपल्या सालई-गुग्गुळाच्या कुळातले, कापल्यावर डिंक गाळते, त्यामुळे खोडावरची कलमे सहसा जुळत नाहीत. गुटीला मुळ्या फुटायला काही महिने लागतात. भुसा कोरडा पडू देऊ नका. मुळ्या प्लास्टिकमधून दिसल्या की फांदी कापून आधी सावलीत पिशवीत वाढवा, नंतरच शेतात दहा-दहा मीटरवर लावा. एखादे नर झाड मात्र बागेत राहू द्या, परागासाठी ते लागतेच.